समीकरणाची मध्यमा

गणिताचा मजकूर टाइप करायला लॅटेक शिकावे, वर्डमधलेच समीकरणाचे साधन वापरावे की मॅथटाइप विकत घ्यावे, हा प्रश्न बहुतेकजण सोय आणि किंमत पाहून निकालात काढतात. त्याच्या तळाशी मात्र एक तात्त्विक प्रश्न आहे : समीकरण म्हणजे नेमके काय? कागदावर दिसते ती आकृती, की तिच्यातून कळते ते विधान? बाराव्या शतकात भास्कराचार्यांच्या बीजगणितात समीकरणाच्या दोन बाजू एकीखाली एक मांडल्या जात. वर ‘या ५ रू ८’, खाली ‘या ७ रू २’, अशा धर्तीवर. ‘या’ म्हणजे यावत्तावत्, आपला क्ष. ‘रू’ म्हणजे रूप, सुटी संख्या. बरोबरचे चिन्ह त्यात नाहीच. ते गणितज्ञ रॉबर्ट रेकॉर्डने इंग्लंडात १५५७ साली छापले. तरीही त्या दोन ओळी आणि आजचे ‘पाच क्ष अधिक आठ बरोबर सात क्ष अधिक दोन’ हे एकच समीकरण आहे. क्षची किंमत दोन्हीकडे तीनच येते. मांडणी पार बदलली तरी समीकरण तेच राहिले, तर ते केवळ मांडणीत वसत नाही हे मान्य करावे लागते.

मग ते जपायचे कुठे? व्याकरणकार भर्तृहरीने वाणीची तीन रूपे मानली. (संतवाङ्मयातल्या चार वाणींतली परा त्याच्या मोजणीत नाही.) पश्यंतीत अर्थ अखंड असतो, मध्यमेत तो मनात क्रमाने लागतो, वैखरीत कानावर पडतो. टाइप केलेल्या समीकरणाला हे नेमके लागू पडते. छापील चिन्हे ही वैखरी. अंश कोणता, छेद कोणता, वर्गमुळाचे छत कुठवर, घात कोणाचा, ही रचना म्हणजे मध्यमा. पश्यंती वाचणाऱ्याच्या बुद्धीतच उगवणार. म्हणून सॉफ्टवेअरची परीक्षा एवढीच, की ते मध्यमा राखते का. जानेवारी २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणावरून वर्डमधले जुने इक्वेशन एडिटर काढून टाकले. त्यात लिहिलेली समीकरणे दिसत राहिली, पण त्या साधनाने ती दुरुस्त करण्याची सोय गेली. वैखरी शाबूत, मध्यमा कुलपात! चित्र म्हणून चिकटवलेल्या समीकरणाचे तर त्याहून वाईट : सोबत वर्णन लिहिले नसेल तर अंध विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला तिथे वाचण्यासारखे काहीच सापडत नाही. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी उलटी वाट धरली. १९७७ मध्ये स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून ते नाराज झाले आणि त्यांनी ‘टेक’ हे अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर रचायला घेतले. पुढे लेस्ली लॅम्पोर्टने त्यावर लॅटेक उभारले. गंमत अशी की तक्रार वैखरीचीच होती, छपाई देखणी नव्हती ही. इलाज मात्र मध्यमेतून निघाला. रचना साध्या अक्षरांत सांगायची, आकृती यंत्राने काढायची.

यावर जाणकार म्हणतील, लॅटेकला तरी अर्थ कुठे कळतो? अक्षराच्या डोक्यावर दोन लिहा. तो वर्ग आहे की नुसता क्रमांक, हे त्याला ठाऊक नसते. आक्षेप खरा आहे, पण तो पश्यंतीच्या अपेक्षेतून येतो. अर्थ ओळखण्याचे काम भास्कराचार्यांच्या पोथीनेही केले नाही, वाचणाऱ्याने केले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : वर्ड २००७ पासून त्यातले नवे साधनही रचनाच साठवते, मग शिक्षकाने लॅटेकच्या आज्ञा घोकत का बसावे? प्रश्नपत्रिकेपुरते खरोखर बसू नये. वर्ड तिथे पुरेसे आहे. फरक पडतो तो मजकुराच्या आयुष्याचा. वर्डची रचना फाइलच्या पोटात, माणसाने सहज वाचू नये अशा रूपात असते. लॅटेकची फाइल कुठल्याही साध्या संपादकात उघडते आणि ‘फ्रॅक’ या आज्ञेपुढच्या दोन कंसांत अंश आणि छेद उघड्या डोळ्यांना दिसतात. ज्या प्रबंधाला किंवा पाठ्यपुस्तकाला पुढच्या पिढीचे हात लागायचे आहेत, त्याला लॅटेकच हवे. समीकरणाचा फोटो मात्र प्रश्नपत्रिकेतही चिकटवू नये.