सगुण-निर्गुणाचे अंबाजोगाई
देव मूर्तीत पाहावा की मूर्तीपलीकडे, या प्रश्नाच्या दोन्ही बाजू बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईत नांदतात. गावात योगेश्वरी, दूरच्या कोकणस्थ घराण्यांचीही कुलदेवता. गावाबाहेर डोंगरात मुकुंदराजांची समाधी. त्यांनी ‘विवेकसिंधु’त निर्गुण ब्रह्माचा विचार मराठीत मांडला, हा ग्रंथ शके १११० चा मानला जातो. अंबाजोगाईचेच संतकवी दासोपंत यांच्याकडे तर हे द्वैत उरतच नाही. ते दत्ताचे उत्कट भक्त. तरी पंचमहाभूतांच्या मिश्रणातून सृष्टी कशी घडते हे सांगणारे ‘पंचीकरण’ त्यांनी सुमारे ४० फूट लांब कापडावर, म्हणजे ‘पासोडी’वर, आकृत्यांसह लिहून काढले. योगेश्वरीच्या दर्शनाला येणाऱ्याने मुकुंदराजांच्या समाधीपर्यंतही अवश्य जावे.