देणं कुणाचं आधी?

‘दिवाळं’ हा शब्द दिव्यावरून आला, असं मोल्सवर्थच्या जुन्या कोशात दिलेलं आहे. व्यापारी बुडाला की तो आपल्या पेढीवर मोठा दिवा लावून ठेवायचा. लोकांनी समजून घ्यायचं की इथे आता पैसे नाहीत. मला या चालीचं नवल वाटतं. बुडालेला माणूस खरं तर अंधार शोधतो. मागच्या दाराने जातो, मोबाइल बंद ठेवतो, पाहुण्यांकडे जाऊन राहतो. जुन्या काळच्या त्या व्यापाऱ्याला मात्र सगळ्यांना दिसेल असा दिवा लावावा लागत होता.

माझ्यावर ही वेळ २०१७ साली आली. दोन गोष्टी एकाच वर्षात घडल्या. फौजेतून मला आजारपणामुळे घरी पाठवलं आणि घरी आलो तेव्हा कर्ज माझ्याआधी येऊन बसलेलं होतं.

आमचं अंजूर भिवंडी तालुक्यातलं, खाडीच्या अंगाचं गाव. पूर्वी भात, खाडीची मासळी आणि मिठाची आगरं यांवर पोटं भरायची. मग भिवंडीचे माग आले आणि त्यानंतर गोदामं. आज अंजूर फाट्यावरून कुठल्याही बाजूला बघा, पत्र्याची लांबच लांब छपरं दिसतात. आमची खारजमीन बाबांच्या काळातच विकली गेली, गोदामांचा भाव यायच्या कितीतरी आधी. माझ्या वाट्याला घर आणि पुढचं अंगण तेवढं आलं. म्हणून २००४ साली मी फौजेत गेलो. तेरा वर्षं नोकरी केली.

२०१५ साली धाकट्या भावाबरोबर आठ जुने यंत्रमाग घेतले. बँकेचं कर्ज माझ्या पगारावर मिळालं. भिवंडीत ज्याच्या घरात एक नोकरी असते, त्याच्या घरात दोन माग असतात, आमचंही तसंच. ८ नोव्हेंबर २०१६ला नोटा बंद झाल्या. मागवाल्यांचा सगळा व्यवहार रोखीचा. कामगाराचा आठवड्याचा पगार द्यायला नोटा नाहीत म्हटल्यावर माणसं गावी निघून गेली. जुलै २०१७मध्ये जीएसटी आला. भिवंडीत माग भंगारात निघायला लागले, आमचे आठही गेले. जो माग चालू असताना शेजाऱ्याला झोप येत नाही, तो किलोवर विकताना भाव फक्त लोखंडाचा.

त्याच वर्षी मला फिट येऊ लागल्या. पहिली रात्री ड्युटीवर आली. फौजेत जवानाची तब्येत ‘शेप’ या पाच अक्षरांत मोजतात : मन, कान, हातपाय, शरीर, डोळे. एक आकडा म्हणजे ठणठणीत, पाच म्हणजे नोकरीला नालायक. फिट येणाऱ्या माणसाच्या हातात कुणी रायफल देत नाही. ते बरोबरच आहे. सोबतच्या जवानाचा जीव माझ्या हाताच्या भरवशावर कसा ठेवायचा? मेडिकल बोर्ड झालं आणि मी घरी आलो. गावात फिट म्हटलं की कुणी चप्पल हुंगवतं, कुणी कांदा फोडतं. गोदामावर वॉचमनची नोकरीही मिळेना. गाडी चालवायची नाही, उंचावर चढायचं नाही, रात्री जागायचं नाही. मग उरलं काय?

बोर्डाच्या कागदावर एक ओळ होती : आजाराचा सेवेशी संबंध नाही. या एका ओळीवर पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग अवलंबून असतो. पैशापेक्षाही मला त्यातला हिशेब महत्त्वाचा वाटला. माझा आजार कुणाच्या खात्यावर मांडायचा, माझ्या की सरकारच्या?

सिग्नल्समधल्या धरमवीर सिंग नावाच्या जवानाचं प्रकरण या बाबतीत प्रसिद्ध आहे. १९८५ साली तो भरती झाला, १९९४ साली फिटच्या आजारामुळे त्याला घरी पाठवलं आणि आजार सेवेमुळे नाही म्हणून अपंगत्वाची पेन्शन नाकारली. २०१३ साली सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं : भरतीच्या वेळी डॉक्टरांनी तपासून माणूस धडधाकट म्हणून घेतला, तेव्हा कागदावर कुठल्याही आजाराची नोंद नव्हती, मग पुढे आजार झाला तर तो सेवेमुळे झाला असं धरून चालायचं. तसं नसेल, तर ते दाखवून द्यायचं काम सरकारचं.

हा न्याय आमच्या गावातल्या बायकांना कोर्टाच्या आधीपासून ठाऊक आहे. लग्नाला शेजारणीचं मोठं पातेलं आणलं. आणताना ते सगळ्यांसमोर उपडं करून, ठोकून बघितलं. परत देताना त्याला चीर पडलेली असेल, तर ‘चीर आमच्या चुलीवर पडली नाही’ असं म्हणायची सोय नसते. माझा दावा अजून चालू आहे, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही. पण एक गोष्ट त्यातून माझ्या मनात पक्की झाली. मी सरकारकडे धनको म्हणून उभा होतो आणि गावात ऋणको म्हणून. जो न्याय मी वर मागतो, तोच मला खाली द्यावा लागेल.

खाली काय होतं ते सांगतो. मागांच्या कर्जाची बाकी निराळी, कारण माग बँकेकडे तारण होते. भंगाराचे पैसे बँकेने घेतले आणि उरलेलं तडजोडीने ३ लाखांवर मिटवायचं ठरलं. त्याखेरीज बिनतारणाचं देणं १२ लाख. बँकेचं वैयक्तिक कर्ज ४ लाख. सुताच्या व्यापाऱ्याचे ३ लाख. एका खासगी सावकाराचे २ लाख, दरमहा शेकडा तीन रुपयांनी. शेजारीपाजारी आणि मित्रांचे हातउसने दीड लाख. आणि काकूचे दीड लाख. काकू म्हणजे बाबांची विधवा भावजय. सुकी मासळी आणि पेंढा विकून जमवलेले ते पैसे होते. माझ्याकडे फौजेतून ग्रॅच्युइटी, विमा वगैरे मिळून ९ लाख आले. तीन बँकेच्या मागांच्या कर्जाला गेल्यावर राहिले सहा. देणं बारा, हातात सहा.

बाबा एवढंच म्हणाले, “घेतलाय तं द्यावा लागंल.” पण कुणाला आधी, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

भिवंडीच्या एका वकिलांनी मला नादारीचा अर्ज समजावून सांगितला. साध्या माणसासाठी आमच्याकडे अजून १९२०चा प्रांतिक नादारी कायदाच चालतो. २०१६च्या नव्या कायद्याचा तो भाग तेव्हा लागू झालेला नव्हता. अर्ज केला की मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात जाते आणि धनकोंना ती प्रमाणात वाटली जाते. पण सगळंच काढून घेत नाहीत. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारं, बाईने धर्माप्रमाणे अंगावरून काढू नयेत असे दागिने, यांना जप्ती नाही. सरकारी पेन्शनलाही जप्ती नाही. तो कायदा तर १८७१चा आहे. मला हे ऐकून बरं वाटलं. कायदा करणाऱ्यालाही कळत होतं की माणसाची भाकरीची परात काढून घेतली, तर वसुली होत नाही, नुसता सूड होतो.

मी त्यांना म्हटलं, “काकूचे पैसे आधी पूर्ण देऊन टाकतो, मग अर्ज करू.” ते म्हणाले, “तसं चालत नाही. अर्जाच्या आधी तीन महिन्यांत एकाला झुकतं माप दिलं, तर कोर्ट तो व्यवहार रद्द करू शकतं.” मला राग आला. विधवा बाईचे पैसे आणि शेकडा तीनने लावलेले पैसे एकाच तराजूत?

घरी येऊन काकूला सांगितलं. ती म्हणाली, “मना काय घाय नाय. जे दारावर येतान त्यांना दे पयले.”

त्या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला. दारावर कोण येत होतं? सावकाराचा माणूस रोज येत होता. बँकेचा फोन दिवसातून चारदा. सुताचा व्यापारी आठवड्यातून एकदा, तोही चहा न घेता. शेजारी येत नव्हते, कारण त्यांना रोज माझं तोंड बघायचं होतं. आणि काकू तर आमच्याच पडवीत बसून कोलीम निवडत होती. आपण देणं फेडतो ते बहुतेक वेळा आवाजाच्या क्रमाने. जो जास्त ओरडतो त्याला आधी. म्हणजे भीतीने फेडतो आणि त्याला प्रामाणिकपणा असं नाव देतो.

मग मला वकिलांच्या नियमाचा अर्थ लागला. ‘सगळ्यांना प्रमाणात’ हा नियम सावकाराच्या सोयीसाठी केलेला नाही. तो न ओरडणाऱ्यासाठी आहे. हा नियम नसता, तर सगळे पैसे दांडगाईवाल्याने नेले असते आणि काकूच्या हाती काहीच आलं नसतं. आमच्याकडे खारबांध फुटला की खारं पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरतं. तेव्हा ‘माझा कोपरा आधी’ म्हणणाऱ्याला गाव बोलू देत नाही. आधी बांध घालायचा, मग ज्याने त्याने आपापलं नुकसान मोजायचं.

मी अर्ज केला नाही, पण नियम तोच धरला. २०१८च्या जून महिन्यात एका रविवारी सगळ्यांना अंगणात बोलावलं. बँकेला तेच लेखी कळवलं. एका कागदावर सगळ्यांची नावं आणि रकमा लिहून मोठ्याने वाचल्या. मिळालेले ९ लाखही वाचले. रुपयामागे आठ आणे आज, बाकीचं पेन्शनमधून दरमहा, असं सांगितलं. पहिल्यांदा गडबड झाली. सुताच्या व्यापाऱ्याला सावकाराचं कळलं, सावकाराला काकूचं कळलं. मग एकेक जण गप्प होत गेला. आपल्याला जेवढं मिळतंय तेवढंच शेजारच्यालाही मिळतंय, हे दिसल्यावर माणूस कमी पैशांतही निभावून नेतो. आपल्यालाच फसवलं, ही शंका त्याला सहन होत नाही. भरदिवसा दिवा लावण्याचा अर्थ मला तिथे कळला. देणेकरी पैसे नंतर देऊ शकतो. हिशेब मात्र त्याने आधी द्यायला हवा.

सावकाराला मी १ लाख दिले. उरलेले १ लाख दिले नाहीत. त्याने तीस महिने दरमहा ६ हजार व्याज घेतलं होतं, म्हणजे १ लाख ८० हजार. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम आहे : थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागायचं नाही. माझं प्रकरण त्या नियमात शब्दशः बसत नाही, कारण मी व्याज थकवलंच नव्हतं. पण त्या नियमामागचा विचार असा की कर्जाला कुठेतरी काठ असला पाहिजे. शिवाय परवान्याशिवाय सावकारी करणं हा महाराष्ट्रात २०१४च्या कायद्याने गुन्हा आहे. मी त्याला परवाना विचारला. तो परत आला नाही. त्याचं माझ्याकडे काही उरलेलं नाही, असं मी मानतो. बँकेने अर्ध्यावर तडजोड केली आणि तसं पत्र दिलं. माझी पत गेली, ती त्या तडजोडीची किंमत.

राहिले तिघे : व्यापारी, शेजारी, काकू. तिघांचे मिळून ३ लाख. पेन्शनला जप्ती नाही, म्हणून ती माझ्या मर्जीची, असं मला वाटत नाही. ते संरक्षण कायद्याने बायको-पोरांच्या ताटासाठी दिलं आहे. सगळी पेन्शन देऊन मी मोठा प्रामाणिक म्हणवून घेतलं असतं, तर तो प्रामाणिकपणा पोरांच्या दुधातून आला असता. म्हणून बायकोबरोबर बसून आकडा ठरवला. दरमहा ४ हजार, व्याज नाही. पंच्याहत्तर महिने, म्हणजे सव्वासहा वर्षं. फिटच्या गोळ्या माजी सैनिकांच्या दवाखान्यातून मिळतात, त्यामुळे एवढं जमलं.

आमच्या गावाला लढाईचा इतिहास आहे. पोर्तुगिजांना साष्टी-वसईतून घालवावं म्हणून अंजूरच्या गंगाजी नाईकांनी खूप खटपट केली. १७३७मध्ये ठाणं आणि मे १७३९मध्ये वसई मराठ्यांच्या हाती आली. गंगाजींचं नाव गावात अजून आदराने घेतात. पण त्या मोहिमेतून हात-पाय मोडून परत आलेल्या साध्या शिपायांचं काय झालं, त्यांच्या घरी कुणाचं किती देणं होतं, ते कुणाला सांगता येत नाही. मराठेशाहीच्या कागदांत ‘बालपरवेशी’ असा एक शब्द भेटतो. लढाईत पडलेल्याच्या पोरांसाठी करून दिलेली ती नेमणूक. म्हणजे राज्य आपल्या शिपायाचं देणं लागतं, हा विचार इंग्रजांनी आणलेला नाही, तो आपलाच आहे. मेलेल्याचं देणं ओळखणं त्यातल्या त्यात सोपं. मोडून जिवंत परत आलेल्याचं ओळखायला वेळ लागतो, कारण तो समोर उभा असतो आणि वरून धडधाकट दिसतो.

माझा मुलगा आता कॉलेजात आहे. एकदा त्याने विचारलं, “तुमचं राहिलं तर मला फेडावं लागेल का?” जुन्या हिंदू कायद्यात बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य मानलं जाई, जुगार-दारूचं कर्ज तेवढं वगळलेलं. २००५च्या दुरुस्तीने ते कर्तव्य कोर्टात चालेनासं झालं. मी त्याला तसं सांगितलं. तुझ्यावर काही नाही. मग कपाटातला कागद काढून दिला, त्या रविवारी वाचलेला. फेडायला नव्हे, वाचायला. त्याने काकूच्या नावापुढे बोट ठेवलं आणि विचारलं, “हिने पावती घेतली होती?”

“नाही,” मी म्हटलं. “म्हणून तर लिहून ठेवलंय.”