कुणाचं लगीन?

डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावर चौथीपर्यंतची शाळा होती. शाळेत सगळी वारल्यांची मुलं होती आणि घाटावरून बदली होऊन आलेल्या एक बाई होत्या. बाई फार बोलत नसत. पण मुलं बोलू लागली की हातातला खडू खाली ठेवून ऐकत.

एके वर्षी थंडीत वरून निरोप आला. पाहुणे शाळा बघायला येणार आहेत, वर्गात स्थानिक संस्कृती दिसली पाहिजे, मोठ्या भिंतीवर वारली लग्नचौक काढून घ्या. निरोपामागोमाग गेरू आला, पांढरा रंग आला आणि इंटरनेटवरून छापून घेतलेलं चौकाचं चित्रही आलं.

मुलांनी भिंत गेरूने रंगवली. बाईंनी चित्र उघडलं, तशी एक मुलगी म्हणाली, "बाई, हे लग्नातलं आहे. माझी आजी धवलेरी आहे. तिला विचारा."

संध्याकाळी बाई तिच्या घरी गेल्या. म्हातारी अंगणात तांदूळ पाखडत होती. बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. निरोप सांगितला, चित्र पुढे ठेवलं.

"कुणाचं लगीन?" म्हातारीने विचारलं.

"लग्न नाही, आजी. पाहुणे येणार आहेत."

"मंग चौक कुणासाठी?"

बाईंना उत्तर सुचलं नाही. म्हातारीने सूप बाजूला ठेवलं आणि सांगितलं. चौकात पालघट देवी बसते. लग्नघरच्या भिंतीवर सवासिनी तांदळाच्या पिठाने तो लिहितात. धवलेरी गाणी म्हणते, देवांना लग्नाला बोलावते. चौकावाचून लग्न लागत नाही.

"झाडं काढा, शेतं काढा, तारप्याचा नाच काढा," म्हातारी म्हणाली. "चौक नाय. चौक बघायचा तर लग्नाला या."

वारल्यांची चित्रं कागदावर येऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. १९७०च्या दशकात जिव्या सोमा मशे यांनी रोजचं जगणं कागदावर रेखाटलं, ती चित्रं देशोदेशी गेली, २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे ही चित्रं साड्यांवर आणि हॉटेलांच्या भिंतींवरही पोचली. बाईंना हे सगळं माहीत होतं. त्यातलं त्या काहीच बोलल्या नाहीत. "बरं, आजी," एवढंच म्हणाल्या आणि चित्राची घडी घालून उठल्या.

म्हातारी त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली. आजवर तिच्या दारात विचारायला आलेली माणसं आधीच ठरवून आलेली असत. नाही म्हटल्यावर वाद न घालता उठून जाणारं माणूस तिने पहिल्यांदाच पाहिलं.

शाळेतल्या दुसऱ्या गुरुजींनी बाईंना समजावलं. "अहो, चित्र तर हातात आहे. म्हातारी काय शाळेत बघायला येणार आहे?"

"ती नाही येणार," बाई म्हणाल्या. "तिची नात रोज येते."

भिंत तशीच राहिली.

काही दिवस गेले आणि एका सकाळी म्हातारी शाळेच्या पायरीवर येऊन उभी राहिली. बाईंनी तिला वर्गात नेलं, आपली खुर्ची दिली. ती खुर्चीत बसली नाही. मुलांच्या मध्ये बसली. बाईही मुलांत बसल्या.

"बाय, तू चौक मागितला. मी नाय म्हटलं," ती म्हणाली. "का नाय म्हटलं, ते पोरांना सांगते."

तिचा बाप लग्नगडी होता. लग्नाला पैसे नव्हते म्हणून त्याने सावकाराचं कर्ज घेतलं आणि ते फिटेपर्यंत सावकाराकडे राबायचं कबूल केलं. कर्ज काही फिटलं नाही. नवरा सावकाराच्या शेतात, बायको सावकाराच्या घरात, असा दोघांचा संसार झाला. वेठीला बोलावलं की आपलं शेत टाकून जावं लागे.

मग १९४५चा मे महिना आला. तलासरीजवळच्या झरी गावात वारली हजारोंनी जमले. दिवसाला १२ आणे मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतात पाय ठेवायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. शेतकरी चळवळीतले कार्यकर्ते शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्या पाठीशी होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या, माणसं मेली. पण लोक मागे हटले नाहीत. वेठ मोडली, लग्नगडी सुटले. म्हातारीचा बापही सुटला.

"चौकाखाली उभं राहायला माझ्या बापाने जन्म गहाण टाकला होता," म्हातारी म्हणाली. "तो शोभेला कसा काढू?"

वर्गात कुणी हललं नाही. मग एका मुलाने विचारलं, "आजी, १२ आणे म्हणजे किती?" बाईंनी फळ्यावर मांडलं: १६ आण्यांचा रुपया, म्हणजे १२ आणे पाऊण रुपया. पूर्णांक-अपूर्णांकांचा धडा त्या दिवशी तिथूनच सुरू झाला.

म्हातारी उठली तेव्हा बाईंनी विचारलं, "आजी, हे मुलांनी वहीत लिहिलं तर चालेल?"

"लिहा," ती म्हणाली. "पण बापाचं नाव घालून लिहा." तिने नाव सांगितलं. मुलांनी ते वहीत सगळ्यात वर लिहिलं.

पाहुणे आले, तेव्हा गेरूच्या भिंतीवर मुलांनी गवत कापणारी माणसं, भाताची शेतं आणि तारप्याचा नाच काढला होता. पाहुण्यांतले एक साहेब म्हणाले, "चौक का नाही?"

म्हातारीची नात उभी राहिली. "साहेब, चौक लग्नात लिहितात. इथे कुणाचं लगीन नाही." आणि मग, कुणी न सांगता, तिने वही उघडून पणज्याची गोष्ट वाचून दाखवली.

साहेबांनी ती ऐकली. जाताना शेरेबुकात लिहिलं, 'सजावट अपुरी.' बाईंनी शेऱ्याखाली सही केली आणि दुपारचा तास सुरू केला.

त्यानंतर म्हातारी अधूनमधून शाळेत येऊ लागली. तिच्यामागे दुसरेही आले. पहिल्या पावसात एका मावशीने रानातली शेवळं आणली. नुसती शिजवली तर घसा खाजतो, म्हणून काकडाची आंबट फळं घालायची, हे तिने मुलांना शिकवलं. शेवळं कुठे उगवतात, ते मात्र तिने मुलांनाच सांगितलं. बाईंनी विचारलं नाही. वैशाखात पाड्यावर लग्न लागलं, तेव्हा बाई पाहुणी म्हणून गेल्या आणि बायकांत बसून त्यांनी चौक पाहिला.

आपल्याहून वेगळ्या लोकांचं ज्ञान वर्गात आणायचं तर आधी त्यांना विचारावं, हे सगळेच मान्य करतात. पण समोरच्याला नाही म्हणता येत असेल, तरच ते विचारणं खरं. नाही तर तो नुसता उपचार. बाईंनी नकार जसाच्या तसा घेतला, म्हणून म्हातारीला पुढचं बोलावंसं वाटलं. बाईंनी मागितलं होतं एक चित्र. मुलांनी काय शिकावं, हे म्हातारीने ठरवलं आणि धडा मोठा झाला. आदर ठेवायचा म्हणजे कुणाची वस्तू भिंतीवर लावायची नव्हे. ज्याची ती आहे, त्याला शिकवणाऱ्याची जागा द्यायची.