दुखेल असं बोल, प्रभू

बापा, तुझ्या मंडळीसाठी मागायला आले आहे. ऐक.

आधी उपकार मानू दे. देवळाचं छप्पर गळत नाही, बाकं पुरतात, रविवारी घंटा वाजते आणि माणसं येतात. ज्यांच्या पणज्यांना गावच्या विहिरीवर घागर लावू देत नव्हते, त्यांच्या पोरी आज कॉलेजात शिकवतात, दवाखान्यात रात्रपाळी सांभाळतात, परदेशातून घरी पैसे पाठवतात. हे तुझं देणं आहे. गावाबाहेरच्या वस्तीतून, दुष्काळातून, पटकीच्या साथीतून तू आम्हाला हाताला धरून आणलंस. मिशनची शाळा तू दिलीस. पाटीवर पहिलं अक्षर गिरवणारी माझी आजी तू दिलीस. उपकार तुझे, बापा, किती मोजू?

पण पोट भरलं आणि आमची तुझ्यासाठीची भूक गेली.

प्रभू, आमच्या देवळात वर पाहा. पंख्याच्या एकेका पात्यावर देणगीदाराचं नाव आहे. बाकाच्या पाठीवर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव, पायरीच्या संगमरवरात नाव. तुला म्हणून दिलेलं आम्ही पुन्हा आमच्याच नावावर लावून घेतलं. लग्नपत्रिकेच्या माथ्यावर तुझं वचन छापतो आणि आतल्या खोलीत देण्याघेण्याची बोलणी करतो. स्थळ सांगून आलं की मुलाचा विश्वास विचारत नाही. हलक्या आवाजात विचारतो, मूळचे कोण? प्रभुभोजनाला एका भाकरीचे तुकडे खाणारी दोन घरं एकमेकांची मुलगी सून करून घ्यायला तयार नसतात. पंच कमिटीची निवडणूक आली की पॅनल पडतात, पत्रकं निघतात, वर्षानुवर्षं न आलेली माणसं मतदानाला गाडीतून आणली जातात. मंडळीच्या जागेचा वाद कोर्टात आहे, आणि तारखेच्या आदल्या रात्री दोन्ही बाजूंचे लोक गुडघे टेकून तुलाच हाक मारतात.

दया कर.

दया कर, कारण हे सगळं ठाऊक असून तुझं व्यासपीठ गप्प आहे. संदेश होतो, चांगला होतो. नव्या घराचा आशीर्वाद, नोकरीतली बढती, व्हिसा, आजारातून उठणं, ऐकून बरं वाटतं. मलाही बरं वाटतं, प्रभू. आठवडाभराच्या कटकटीनंतर गोड शब्द कुणाला नको असतात? आणि क्वचित पापाचा विषय निघालाच तर तो पोरींच्या कपड्यांचा, पोरांच्या मोबाइलचा, शेवटच्या बाकावरच्या दारुड्याचा. हुंड्याचा नाही, जातीचा नाही, जमिनीच्या खरेदीखताचा तर नाहीच.

लावदिकीयाच्या मंडळीला तू पत्र धाडलंस ते मला पुन्हा पुन्हा आठवतं. केवढं श्रीमंत शहर ते! इ.स. 60 च्या सुमारास भूकंपानं पडलं, तर रोमकडे हात न पसरता स्वतःच्या पैशानं पुन्हा उभं राहिलं. पेढ्या तिथं होत्या, काळी उंची लोकर तिथं होती, डोळ्यांच्या औषधाचा लौकिक होता. आणि त्यांनाच तू दरिद्री म्हणालास, उघडे म्हणालास, आंधळे म्हणालास. ज्याचा त्यांना गर्व होता, नेमक्या त्याच जागी बोट ठेवलंस. आणि तू स्वतः होतास कुठं? दाराबाहेर, उभा राहून ठोकत. आत गीतं चालू असतील, अर्पण गोळा होत असेल, आणि मंडळीचा धनी बाहेर. प्रभू, आमच्या स्पीकरच्या आवाजात तुझं ठोकणं ऐकू येत नाही. आणखी जोरानं ठोक.

जोरानं ठोक, पण निघून जाऊ नकोस.

बापा, शेवटच्या बाकावरच्या त्या माणसाचं तुला सांगते. तोंडाला वास येतो म्हणून त्याच्या शेजारी कुणी बसत नाही. तो दाराजवळ बसतो, गीताला उठतो, पुस्तक उघडत नाही. रात्री बायकोवर हात उगारलेला असतो आणि सकाळी धुतलेला शर्ट घालून तो आलेला असतो. तो व्हिसाच्या आशीर्वादासाठी येत नाही, प्रभू. त्याला क्षमा हवी असते. आम्ही पापांगीकार एका दमात म्हणून मोकळे होतो, मध्ये श्वास घ्यायलाही थांबत नाही, आणि संदेशात त्याच्याकडे बोट दाखवलं तरी त्याला हाक कुणी मारत नाही. पाप नीट सांगितलं गेलं नाही, म्हणून क्षमाही सांगितली गेली नाही. तो आला तसा परत जातो. पुढच्या बाकावरचा, ज्यानं सुनेच्या माहेरून गाडी घेतली, तोही आला तसाच परत जातो. आणि मीही. आमच्या मऊ बोलण्यानं आम्ही तुझ्या रक्ताची किंमत लपवून ठेवली. याची तुझ्याकडे क्षमा मागते.

क्षमा कर. आणि आता बोल.

तू याच मातीत बोलला आहेस. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे कित्येक वर्षांनी त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण अजून ख्रिस्त मिळालेला नाही. एवढ्या विदुषीनं आपल्या साक्षीत हे लिहून ठेवलं! मग 1905 च्या जूनमध्ये केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये तुझा आत्मा उतरला आणि मुली रडत आपापली पापं कबूल करू लागल्या. किती जणी त्यात दुष्काळातून उचलून आणलेल्या, टाकून दिलेल्या, विधवा झालेल्या. जगानं ज्यांच्यावर पाप केलं त्या पोरी तुझ्यापुढे स्वतःची पापं सांगत होत्या, आणि सांगून हसत होत्या, गात होत्या. आमच्या वाट्याला तसं रडणं का येत नाही, बापा? आम्हाला दे. ते रडणं दे आणि त्यानंतरचं ते गाणंही दे.

आमच्या पाळकासाठी मागते. भला माणूस आहे. तुझं वचन त्याला कळत नाही असं नाही. पण त्याच्या पगाराच्या चेकवर ज्यांच्या सह्या लागतात तेच पहिल्या बाकावर बसतात. एक तक्रार वर गेली की बदली होते, राहतं घर सोडावं लागतं, पोरांची शाळा अर्ध्यात तुटते. बेथेलच्या देवळात तुझ्या संदेष्ट्याला, आमोसाला, याजक अमस्या म्हणाला, यहूदात पळून जा आणि तिथं भाकर खा. आजही धाक आहे तो भाकरीचाच. नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनचा पगार सोडला आणि मोकळे झाले. सगळ्यांना ते जमत नाही. म्हणून तू आमच्या पाळकाच्या भाकरीची काळजी घे. त्याला रागावून बोलायला लावू नकोस. त्याचे डोळे ओले होऊ देत आणि जीभ मात्र अडखळू नये. राजाचं पाप सांगायला नाथान दाविदासमोर उभा राहिला तसा तो उभा राहू दे. आणि तो खाली उतरल्यावर त्याच्याशी हात मिळवायला आम्हाला पुढे कर.

आम्हाला ऐकायला शिकव. ऐकून उठायला शिकव.

जकातदार जक्कय तुझ्यापुढे उभा राहिला आणि त्यानं सरळ आकडा सांगितला: अर्धी मालमत्ता गरिबांना, लुबाडलेलं चौपट परत. प्रभू, आमचा पश्चात्ताप असा आकड्यात येऊ दे. घेतलेला हुंडा परत जाऊ दे. कोर्टातली एक तरी केस मागे घेतली जाऊ दे. ज्या घरानं मूळ विचारून मुलगी नाकारली, त्या घरानं पुन्हा जाऊन दार वाजवावं. माझ्या कपाटात दुसऱ्याच्या हक्काचं जे आहे ते मला दाखव, मी लहान आहे, मला एकटीला ते दिसणार नाही.

आणि येत्या रविवारी तुझं खरं वचन ऐकून कुणी चिडून मध्येच उठून गेलं, तर बापा, त्याच्या मागे तू जा. त्याला रस्त्यात गाठ. त्याला एकटं घरी जाऊ देऊ नकोस.

प्रभू येशूच्या नावानं मागते, म्हणून ऐक. आमेन.