उंबरठ्याच्या दोन्ही बाजू

रत्नागिरी आणि आसपासच्या गावांत ज्या मुस्लिम कुटुंबांच्या आंब्या-काजूच्या बागा आहेत, त्यांना हे दृश्य अपरिचित नाही. घरात मांजर असते आणि अंगणात कुत्रा. मिरकरवाड्याहून मासळी आली की मांजर पायांत घोटाळू लागते. वानरांची टोळी कलमांवर उतरली की कुत्रा धावून जातो. नमाजच्या वेळी मांजर मुसल्ल्याच्या कडेला येऊन बसले तरी त्याला कोणी हाकलत नाही. कुत्र्याने मात्र उंबरठ्यावर पाय ठेवला की ओरड होते, प्रसंगी दगडही भिरकावला जातो.

अशा वेळी एखादे मूल विचारते, "दोघांनाही अल्लाहनेच निर्माण केले ना? मग असे का?" बहुधा उत्तर मिळते, "कुत्रा नापाक असतो." हे उत्तर चुकीचे नाही. परंतु त्यातून दगडाचे समर्थन होते काय, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम नियम समजून घेऊ. कोकणी मुसलमान बहुसंख्येने इमाम शाफई (रह.) यांच्या मसलकाचे अनुयायी आहेत. या मसलकानुसार कुत्र्याचे अंग व लाळ नापाक आहे. ओलाव्यासह त्याचा स्पर्श झाला तर ती जागा सात वेळा, त्यांपैकी एकदा मातीमिश्रित पाण्याने, धुवावी लागते. कोरड्या अंगाला कोरडा हात लागल्यास मात्र हात नापाक होत नाही. शिकार, गुरे व शेती यांच्या राखणीसाठी कुत्रा पाळण्याची परवानगी हदीसमध्ये आहे, घराच्या राखणीलाही इमाम नववी (रह.) यांनी त्याच आधारे अनुमती योग्य मानली आहे. निव्वळ हौसेसाठी कुत्रा पाळल्यास पुण्यात दररोज घट होते, असा इशारा आहे.

मांजराचा हुकूम वेगळा आहे. हजरत अबू कतादा (रजि.) वुजू करीत असता एक मांजर आले, तेव्हा त्यांनी भांडे कलते करून त्याला पाणी पिऊ दिले. सून चकित होऊन पाहू लागली. तेव्हा त्यांनी आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण सांगितली की, मांजर नापाक नाही, ते घरात आपल्याभोवती सतत वावरणाऱ्यांपैकी आहे. या कारणाकडे नीट लक्ष द्यावे. येथे मांजराच्या श्रेष्ठत्वाचा उल्लेख नाही. माणसाची अडचण दूर करण्याचा हेतू आहे.

म्हणजेच पाकी-नापाकीचा नियम नमाजला उभ्या राहणाऱ्या माणसासाठी आहे. त्या जीवाची किंमत ठरविण्यासाठी तो दिलेला नाही. याचा पुरावा दोन सुप्रसिद्ध हदीसमध्ये आहे. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवले, त्याला खाऊ घातले नाही, बाहेर जाऊन पोट भरण्यासाठी सोडलेही नाही. ते मेले आणि ती शिक्षेस पात्र ठरली. एका प्रवाशाने तहानेने ओली माती चाटणारा कुत्रा पाहिला. तो विहिरीत उतरला, चामडी मोज्यात पाणी भरून वर आला आणि कुत्र्याला पाजले. अल्लाहने त्याला क्षमा केली. मांजर पाक होते, तरी निर्दयतेची शिक्षा टळली नाही; कुत्रा नापाक होता, तरी दयेचे मोल घटले नाही. आपल्या मसलकाप्रमाणे तो मोजा सात वेळा धुवावा लागेल. पण मोजा धुता येतो. तहानेने गेलेला जीव परत आणता येत नाही.

सूरह अल-कहफमध्ये गुहेतील ईमानवंत तरुणांसोबत त्यांच्या कुत्र्याचाही उल्लेख आहे. तो पुढचे पाय पसरून उंबरठ्याशी बसला होता. तो आत नव्हता, तरी सोबतीतून वगळलेलाही नव्हता. कुत्र्याची जागा बाहेर असणे म्हणजे तो तुच्छ असणे नव्हे.

पाकीच्या तपशिलांत इमामांचे मतभेद आहेत. इमाम मालिक (रह.) यांच्या मसलकात जिवंत कुत्रा पाक मानला जातो. परंतु मुक्या जीवावर दया करावी, याविषयी कोणाचेच दुमत नाही. शाफई मसलकाचेच थोर विद्वान इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम (मृत्यू हिजरी 660, इ.स. 1262) यांनी जनावरांचे माणसावरील हक्क सांगितले आहेत. जनावर म्हातारे वा आजारी होऊन निरुपयोगी झाले तरी त्याला खाऊ घालावे, त्याच्यावर शक्तीबाहेरचा भार टाकू नये, आणि त्याला इजा करील अशा स्वजातीच्या वा परजातीच्या जनावरासोबत ठेवू नये.

हे हक्क आपल्या अंगणात आणून पाहू. हंगाम संपला की बागेतील कुत्र्याचे काम संपते. भूक मात्र संपत नाही. म्हणून जूनमध्ये त्याला बागेत सोडून येणे हा हिशेब नव्हे, हक्क बुडविणे होय. मांजर व कुत्रा एका घरी असतील तर दोघांचे खाणे वेगळ्या जागी ठेवावे, मांजराला उंचावर पळून बसता येईल अशी जागा असावी, आणि दोघांना झुंजविण्याची गंमत मुलांना करू देऊ नये. दोघांनाही रेबीजची लस टोचून घ्यावी. हा शेजाऱ्यांचाही हक्क आहे.

खरी परीक्षा पावसाळ्यात होते. कुत्रा भिजलेला असतो, म्हणून त्याला घरात घेता येत नाही; आणि नेमके तेव्हाच त्याला निवाऱ्याची सर्वाधिक गरज असते. येथे नियम आणि दया परस्परविरोधी वाटतात, पण तसे नाही. चार चिऱ्यांवर फळी आणि वर पत्रा टाकला की दोन्ही पाळले जातात. तेवढे कष्ट न घेणारा माणूस आपल्या आळसाला पाकीचे नाव देत असतो. तसेच प्रेमाच्या नावाखाली कुत्र्याला मुसल्ल्यापर्यंत आणणाराही चुकतो. कारण ज्याने दया शिकविली, त्यानेच मर्यादाही घालून दिली आहे.

पुढच्या वेळी मुलाने तोच प्रश्न विचारला तर त्याला नियम सांगावा आणि त्याच्याच हातून अंगणात पाण्याचे भांडे भरून ठेववावे. म्हणजे उत्तर पूर्ण होईल. अल्लाह आपल्याला पाकी आणि दया, दोन्ही जपण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.