कंपायलरचे प्रामाण्य: स्वतः की परतः?

एखादे ज्ञान खरे आहे हे त्या ज्ञानाबरोबरच कळते, की ते ठरवण्यासाठी बाहेरची पडताळणी लागते, हा भारतीय दर्शनांतील जुना आणि अतिशय निकराने लढवला गेलेला वाद आहे. मीमांसकांनी प्रामाण्य ‘स्वतः’ मानले, म्हणजे ज्ञान उपजते तेच खरे म्हणून उपजते आणि त्याला बाध येईपर्यंत ते खरेच राहते. नैयायिकांनी ते ‘परतः’ मानले, म्हणजे त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती सफल झाली की मागाहून त्याच्या खरेपणाचे अनुमान होते. या वादात वेदाचे प्रामाण्य पणाला लागलेले होते, त्यामुळे तो निव्वळ धर्मपंडितांचा विषय समजून आजचा वाचक बाजूला ठेवतो. ही मोठी चूक आहे, कारण टेक्स्ट एडिटरसारखा वरकरणी साधा प्रोग्राम बांधताना अडलेल्या माणसापुढे नेमका हाच प्रश्न उभा राहतो.

टेक्स्ट एडिटर म्हणजे मजकूर लिहिण्याचे, दुरुस्त करण्याचे आणि जतन करण्याचे साधन. त्याचा स्रोत, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेली संहिता, बहुधा सी किंवा तत्सम भाषेत असतो. कंपायलर त्या संहितेचे प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांत रूपांतर करतो. आणि प्रोसेसर, त्यावरची कार्यप्रणाली व तिची ग्रंथालये यांच्या एकत्रित अधिष्ठानाला प्लॅटफॉर्म म्हणतात. प्रोग्रामर फक्त संहिता पाहतो, यंत्र फक्त आज्ञा पाहते, आणि या दोहोंमधला दुवा असलेल्या कंपायलरचे काम डोळ्यांआड चालते. न्यायशास्त्राच्या भाषेत कंपायलर हे ‘करण’, म्हणजे ज्याच्या द्वारे कार्य घडते ते साधन आहे, आणि करणात दोष असल्यास त्यातून उपजणारे ज्ञानही दूषित होते. कावीळ झालेल्याला पांढरा शंख पिवळा दिसतो, हे त्याचे पारंपरिक उदाहरण.

आता एक प्रत्यक्ष दोष पाहावा. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरी ‘म’ हे अक्षर २२४, १६४ आणि १७४ अशा तीन बाइटांत साठवले जाते, तर इंग्रजी ‘एम’ १०९ या एकाच बाइटात मावते. एडिटरमध्ये प्रत्येक बाइटाचा वर्ग सांगणारा, म्हणजे तो अक्षर आहे, मोकळी जागा आहे की विरामचिन्ह आहे हे नोंदवणारा, २५६ खणांचा तक्ता असतो, आणि बाइटाचे मूल्य हाच त्या तक्त्यातील खणाचा क्रमांक धरला जातो. परंतु सी भाषेतील ‘चार’ (char) हा प्रकार ऋण संख्या धरतो की नाही, हे त्या भाषेच्या प्रमाणग्रंथाने ठरवलेले नाही. ते प्रत्येक प्लॅटफॉर्मवर सोपवले आहे. एक्स८६ प्रोसेसरवर तो प्रकार सामान्यतः उणे १२८ ते १२७ असा चालतो, तर एआरएम प्रोसेसरवरील लिनक्समध्ये ० ते २५५ असा. परिणामी एकच संहिता एआरएम लिनक्सवर २२४ क्रमांकाच्या खणात योग्य उत्तर शोधते आणि एक्स८६वर तोच बाइट उणे ३२ समजून तक्त्याच्या आधीच्या, परक्या स्मृतीत हात घालते. तेथे काय सापडेल हे कंपायलरने शेजारी काय मांडले आहे त्यावर अवलंबून असते, आणि वेगवर्धनाचा, म्हणजे आज्ञा अधिक वेगवान करण्याचा, पर्याय बदलला की ती मांडणीही बदलते. म्हणून साध्या बांधणीत सुरळीत चाललेला एडिटर वेगवर्धित बांधणीत कोसळतो, आणि प्रोग्रामर कंपायलरला दोष देऊन मोकळा होतो.

येथे नैयायिकांची ‘उपाधी’ ही संकल्पना विलक्षण नेमकी लागू पडते. जेथे धूर तेथे अग्नी हे साहचर्य पक्के आहे. पण जेथे अग्नी तेथे धूर असे उलटे म्हणता येत नाही, कारण धूर निघण्यास सरपण ओले असावे लागते, आणि तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. ओले सरपण ही ती लपलेली अट, म्हणजे उपाधी, जिच्यामुळे व्याप्ती, म्हणजे अटळ साहचर्य, आहे असे वाटते पण असत नाही. ‘ही संहिता बरोबर आहे, कारण ती चालते’ या अनुमानातही अशीच उपाधी दडलेली असते, आणि या उदाहरणात ती इंग्रजी मजकूर ही आहे. इंग्रजी मजकुराचे सगळे बाइट १२८ च्या आत राहतात, त्यामुळे दोन्ही प्लॅटफॉर्मचे एकमत दिसते. देवनागरीतील प्रत्येक अक्षराचा प्रत्येक बाइट १२७ च्या पुढचा असतो, म्हणून मराठी वाक्य टंकताच ती अट उघडी पडते. मराठी लिहिणाऱ्याला एडिटरमध्ये भोगावा लागणारा त्रास पुष्कळदा असा असतो: दोष मराठीसाठी नव्याने उपजत नाही, तो आधीपासूनच असतो आणि मराठी त्याची साक्ष देते.

उपाधी शोधण्याची रीतही जुनीच आहे. अन्वय म्हणजे कारण असता कार्य असणे, आणि व्यतिरेक म्हणजे कारण नसता कार्य नसणे. जीसीसी या कंपायलरला ‘चार’ प्रकार ऋणरहित मानण्याची आज्ञा देता येते. तेवढाच एक बदल करून एक्स८६वर दोष नाहीसा झाला, आणि उलट आज्ञेने तो एआरएमवर प्रकट झाला, तर कारण सिद्ध झाले. एकाच वेळी दोन गोष्टी बदलणाऱ्याला मात्र उत्तर मिळाले तरी ज्ञान मिळत नाही. याहून महत्त्वाची बाब अशी की, याच कंपायलरला सर्वसाधारण इशारे देण्यास सांगितले असता तो तक्त्याचा क्रमांक म्हणून ‘चार’ वापरल्याचे आपणहून कळवतो. शब्दप्रमाण, म्हणजे विश्वसनीय वक्त्याचे वचन, समोर असताना ते न वाचता वक्त्यालाच सदोष ठरवणे हा प्रमाणविचारातील प्रमाद आहे, आणि बहुतेक ‘कंपायलरचे दोष’ अखेरीस याच प्रकारचे निघतात.

मग भ्रम झाला तो कोणाला? प्रभाकराच्या मीमांसामतानुसार शिंपल्याच्या जागी चांदी दिसते तेव्हा खोटे ज्ञान मुळी उपजतच नाही: समोरच्या वस्तूचे प्रत्यक्ष आणि चांदीचे स्मरण ही दोन खरी ज्ञाने असतात आणि त्यांतील भेद तेवढा ध्यानात येत नाही. हे मत भ्रमाच्या सर्व प्रकारांना पुरते असे नाही, परंतु येथे ते चपखल बसते. एआरएमवरील २२४ खरे आहे आणि एक्स८६वरील उणे ३२ हेही खरे आहे. दोन्ही प्रोसेसर आपापल्या नियमाने निर्दोष वागतात, आणि न उमगलेला भेद एवढाच त्या बिघाडाचा गाभा ठरतो.

तथापि कंपायलर खरोखरच दूषित असेल तर काय? हा प्रश्न केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात मांडला, आणि ते १९८४ मध्ये छापून आले. थॉम्प्सन यांनीच १९६९ मध्ये युनिक्ससाठी ‘ईडी’ हा एडिटर लिहिला होता, आणि १९९२ मध्ये रॉब पाइक यांच्यासह यूटीएफ-८ची रचनाही त्यांचीच, त्यामुळे ‘म’चे तीन बाइट आणि कंपायलरविषयीची शंका एकाच बुद्धीतून आलेली आहेत. त्यांनी दाखवून दिले की प्रवेशाच्या प्रोग्राममध्ये चोरवाट घालणारी आणि नव्या कंपायलरमध्ये स्वतःची नक्कल उतरवणारी युक्ती एकदा बांधलेल्या कंपायलरमध्ये शिरली की ती स्रोतातून पुसून टाकली तरी पिढ्यानपिढ्या टिकते. संहिता कितीही तपासली तरी तीत काही सापडत नाही.

मीमांसकांनी वेदाच्या बाबतीत केलेला युक्तिवाद येथे उलटून येतो. वाणीतील दोष वक्त्यामुळे येतात, वेदाला कर्ता नाही, म्हणून तेथे दोषाला वाव नाही, असे ते म्हणतात. कंपायलर मात्र नेहमीच पौरुषेय, म्हणजे मनुष्यकृत असतो, आणि त्याच्या कर्त्याच्या कर्त्यापर्यंत मागे गेले तर अनवस्था, म्हणजे कोठेच न थांबणारी परंपरा, ओढवते. मीमांसक कुमारिलाने तिच्यावर दिलेले उत्तर व्यवहारी आहे: शंकेला कारण दिसले तर तपासावे, पण तीन-चार ज्ञानांपलीकडे जाण्याची गरज पडत नाही. नैयायिक उदयनाचेही म्हणणे असे की माणूस स्वतःच्या कृतीशी विरोध न येता जेवढी शंका बाळगू शकतो तेवढीच शंका खरी. दोघांचेही म्हणणे कामाचा आरंभ करण्यापुरते योग्य आहे, कारण कंपायलरवर कारणाशिवाय संशय घेणाऱ्याच्या हातून एडिटर कधीच बांधून होणार नाही.

जीसीसीदेखील स्वतःला तीन टप्प्यांत बांधतो आणि दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यातील फलित जुळते की नाही ते पाहतो. मात्र हे तीनही टप्पे एकाच वंशातले असल्यामुळे थॉम्प्सन यांची युक्ती त्या तुलनेतून सहीसलामत निसटते, आणि येथे स्वतःप्रामाण्य अपुरे पडते हे मान्य करावे लागते. डेव्हिड ए. व्हीलर यांनी २००९ च्या प्रबंधात सिद्ध केलेली रीत परतःप्रामाण्याची आहे: संशयित कंपायलरचा स्रोत दुसऱ्या, स्वतंत्र वंशाच्या कंपायलरने बांधावा, त्या फलिताने तोच स्रोत पुन्हा बांधावा, आणि येणारे फलित संशयिताशी बाइटागणिक ताडून पाहावे. यासाठी तो दुसरा कंपायलर सर्वस्वी निर्दोष असावा लागत नाही. त्याने तो स्रोत बरोबर बांधावा आणि त्यात तीच युक्ती नसावी, एवढे पुरते.