दाराशी नेलेली साडी

साडीच्या दुकानात एक जुनी रीत आहे. मन बसलेली साडी गिऱ्हाईक दाराशी घेऊन जातं आणि दिवसाच्या उजेडात पदर उलगडून बघतं. ट्यूबलाइटखाली काळपट वाटलेला आमसुली रंग तिथे खुलतो. वेबसाइटवर मांडलेल्या साडीला ही सोय नाही. तिचं दार एकच, बघणाऱ्याच्या हातातला स्क्रीन.

आणि त्या स्क्रीनपर्यंत रंग पोहोचतच नाही. पोहोचतात तीन आकडे. समजा लाल ९०, हिरवा २४, निळा ५०. प्रत्येकाला ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या, म्हणजे एकूण १,६७,७७,२१६ रंग. पण ९० म्हणजे नेमका किती लाल? 'चवीपुरतं मीठ' म्हटलं की प्रत्येक घरी वेगळं पडतं. म्हणून १९९६ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्टने 'एसआरजीबी' हे माप सुचवलं. १९९९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं.

माप ठरलं, तरी भांडी सारखी झाली नाहीत. कुणाचा बॅकलाइट मंदावलेला, कुणी रात्री निळा प्रकाश कमी केलेला, कुणी भर उन्हात बसस्टॉपवर उभं. नव्या फोनचे स्क्रीन तर एसआरजीबीच्या पलीकडचे रंगही दाखवतात. तिथे आकड्यांचं नीट रूपांतर झालं नाही, तर तीच साडी भडक होते. फोटोला रंगाची प्रोफाइल, म्हणजे आकडे कोणत्या मापातले हे सांगणारी नोंद, जोडली की हा घोटाळा बराच टळतो. उन्हाला मात्र प्रोफाइल जोडता येत नाही.

मग वेबसाइटच्या डिझायनरच्या हातात उरतं काय? पुन्हा दाराशी जाऊ. उजेडात अंगाचा रंग बदलला, तसा काठाचाही बदलला. काठ अंगावरून उठून दिसणं मात्र टिकलं. स्क्रीनवरही सुटा रंग धरून ठेवता येत नाही, दोन रंगांमधलं अंतर राखता येतं. वेबच्या सुगम्यता-निकषांत साधा मजकूर आणि त्यामागची पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ असं प्रमाण मागितलं आहे. ते अधू दृष्टीच्या वाचकांसाठी. पण अधू स्क्रीनलाही तेच तारतं. पांढऱ्यावरची फिकट राखाडी अक्षरं महागड्या मॉनिटरवर नाजूक दिसतात, स्वस्त लॅपटॉपवर पुसून जातात.

आणि फोटोखाली 'आमसुली' हा शब्दही ठळक लिहावा. ज्याच्या घरी सोलकढी होते, त्याला तो रंग कुठल्याही स्क्रीनवर कळेल.